म्हाताऱ्या ताऱ्याची रेघ

पनवेलच्या पट्ट्यात फ्लेक्सवर झळकायला माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत. कुणाचा मुलगा दहावीतून सुटला, कुणाला पुतण्या झाला, कुणी नवी गाडी घेतली, की नाक्यावर ‘हार्दिक अभिनंदन’ लागलंच म्हणून समजा, आणि खाली शुभेच्छुकांचे गॉगलवाले चेहरे ओळीने हजर. पण मरायला टेकलेल्या एका ताऱ्याभोवती कसला धुरळा आणि कसला वायू आहे, हे शोधलं म्हणून कुणाचा फ्लेक्स लागल्याचं माझ्या माहितीत एकच उदाहरण आहे. ते सुनीता गावंडचं. त्या फ्लेक्सने तिचं काय केलं आणि तिने पुढे काय केलं, ती ही हकिकत आहे.

सुनीता पनवेलच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नव्या पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहते, नवरा गुरुदत्त उरणच्या बाजूला बंदरावर नोकरीला आहे, मुलगी शिकायला बंगळुरूला. पन्नाशीला आलेली, डोळ्यांवर चष्मा, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही झोप लागू नये. कॉलेजात तिला गावंड मॅडम म्हणतात आणि जरा टरकूनच असतात. त्याला कारण आहे बारावीचं प्रॅक्टिकल. परीक्षानळीत एक पांढरी पूड देतात आणि तो कोणता क्षार आहे ते ओळखायला सांगतात. पोरं रंग बघतात, वास घेतात आणि धाडकन नाव लिहून मोकळी होतात. मॅडम विचारणार, ‘खात्रीची चाचणी केलीस? हे दुसरं काही असू शकतं का, ते बघितलंस?’ नसेल केली, तर नाव बरोबर असलं तरी मार्क कापले जाणार. कितीही गयावया करा, त्यात बदल नाही.

तिचं माहेर खाडीकाठचं, आगरी. बाप मिठागरात राबायचा. शाळा सुटली की सुनीता डबा घेऊन बापाकडे जायची आणि बांधावर बसून वाफ्यातल्या पाण्याकडे बघत राहायची. पाणी आटत आलं की वर मिठाची नाजूक साय धरते, मग ती जड होऊन खाली बसते. नुसत्या पाण्यातून दाणे कुठून आले, असं तिने बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला, ‘त्ये पान्यातच व्हतं, आपल्याला दिसत नव्हतं.’ पुढे एमएस्सीपर्यंत ती जे काही शिकली, ते या एका वाक्याचाच विस्तार होता असं ती अजून म्हणते. आता ते मिठागर नाही आणि गावही नाही. विमानतळाच्या जागेत गाव गेलं आणि देवळासकट सगळ्यांनी उलव्याच्या बाजूला नव्या प्लॉटवर संसार मांडले.

ताऱ्यांची भानगड तिच्या आयुष्यात उशिरा आली. पुण्याला शिक्षकांच्या एका शिबिरात डॉ. अरुंधती केळुस्कर यांचं व्याख्यान होतं, म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या रसायनशास्त्रावर. तारे म्हणजे भौतिकशास्त्रवाल्यांची मिरास, अशी सुनीताची समजूत. पाच मिनिटांत ती पुढे सरसावून बसली. आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो. फुगता फुगता त्याला स्वतःची बाहेरची आवरणं आवरत नाहीत आणि तो ती अवकाशात सोडून देतो. बाहेर पडलेला वायू निवत जातो, निवता निवता त्यात रेणू जुळतात आणि पुढे धुळीचे कण धरतात. तीच धूळ उडत उडत कुठल्या तरी नव्या ताऱ्याच्या, नव्या ग्रहाच्या कामी येते. सुनीताला वाफ्यातलं पाणी आठवलं. व्याख्यान संपल्यावर तिने इतके प्रश्न विचारले की अरुंधती मॅडमचा चहा गार झाला. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही कामच का करत नाही माझ्याकडे?’

अशी ती चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला बसली. नातेवाईकांनी तोंडावर कौतुक केलं आणि मागे डोक्याला हात लावला. आईला ताऱ्याभोवतीची धूळ कशीबशी समजावून झाली, तेव्हा आय म्हणाली, ‘धूल बघाया येवढ्या लांब कशाला जातेस? आमच्या ओट्याव येऊन बस. हायवा गेली का घरभर धूलच हाय.’ उलव्यात त्या काळात डंपरची रांग तुटत नव्हती, तेव्हा आयचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

काम मात्र सुनीताने असं केलं की बघत राहावं. पहाटे उठायचं, ओट्यावर कुकर चढवायचा आणि शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा. परदेशातल्या एका डोंगरावर मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिने टिपलेली माहिती अरुंधती मॅडमकडून यायची. प्रत्येक रेणू आपल्या ठरलेल्या जागी एक रेघ उमटवतो. त्या रेघांच्या जंगलातून कुठली रेघ कुणाची, हे सुनीता एकेक करून लावायची. कॉलेजात पहिल्या तासाला उभी राहीपर्यंत तिचे दोन तास या कामात खर्ची पडलेले असायचे. कंटाळा हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. गुरुदत्त गमतीने म्हणायचा, ‘आमच्या घरात कुकरची शिट्टी आणि ताऱ्याची रेघ एकदमच येते.’

आता यातलं मुख्य गणित सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुनीता ते वर्गात फुगडी सांगून शिकवते. कार्बन आणि ऑक्सिजन हे दोघे समोर आले की आधी एकमेकांचे हात धरतात, आणि ती फुगडी सहसा सुटत नाही. ज्या ताऱ्यात ऑक्सिजन जास्त, तिथे सगळा कार्बन जोड्यांत खपून जातो, आणि उरलेला ऑक्सिजन सिलिकॉनला धरून वाळूच्या जातीची धूळ करतो. ज्या ताऱ्यात कार्बन जास्त, तिथे उरतो कार्बन, आणि त्याची काजळी होते. म्हणजे म्हातारे तारे दोन घरांतले. एक वाळूचं घर, एक काजळीचं.

सुनीताचा तारा वाळूच्या घरातला होता. त्याच्या रेघांत सगळ्यात मोठ्या आवाजाची रेघ सिलिकॉन मोनॉक्साइडची, जी अशा घरात असायचीच. पण एका पहाटे तिला बऱ्याच लांबच्या टोकाला एक बारीक, अशक्त रेघ दिसली, आणि जागा तपासली तर ती निघाली कार्बनच्या एका लांब साखळीच्या रेणूची. वाळूच्या घरात काजळीचं पोर! असे एकदोन लहानसहान अपवाद जगाला माहीत होते, पण एवढी लांब साखळी या घरात असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सुनीताने ती रेघ तेव्हाच मॅडमना पाठवली. अरुंधती मॅडमनी पाहिलं, त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी पाहिलं, सगळे खूश झाले. पेपर लिहून झाला, जर्नलकडे गेला. पीएचडीचा कळसच होता तो.

‘पेपर स्वीकारला जाईपर्यंत बाहेर बोलायचं नाही हं,’ असं मॅडमनी बजावलं होतं. सुनीताने ते पाळलं. फक्त आयला सांगितलं. आयने फक्त निकेशला सांगितलं. आणि निकेशने गावाला.

निकेश कडू हा सुनीताचा धाकटा भाऊ. माइक, मांडव आणि माणसं या तीन गोष्टींशिवाय त्याला करमत नाही. क्रिकेटचे सामने, हळदीकुंकू, रक्तदान, काहीही असो, निवेदन निकेशचं. बहिणीवर त्याचा जीव, आणि बहिणीने काय केलंय ते कळत नसलं तरी ते मोठं आहे एवढं त्याला पक्कं ठाऊक. त्याने माहेरवाशिणीचा सत्कार ठरवला, साहेबांची तारीख घेतली, आणि मग सुनीताला फोन केला. साहेब म्हणजे त्या भागातले पुढारी, ज्यांची तारीख मिळणं हेच एक यश मानलं जातं. सुनीता आधी चिडली, मग नको नको म्हणाली, आणि मग, खरं सांगायचं तर, तिला बरंही वाटलं. ज्या गावात तिच्या वयाच्या मुलींची शाळा सातवीला सुटली, त्या गावाने आपल्याला बोलवावं, हे कुणाला नको असतं? घरच्या ग्रुपवर तिने उत्साहाच्या भरात त्या रेघेचं चित्र, कशाचं ते न सांगता, टाकलं होतं. तेच निकेशने उचललं.

सत्कार रविवारी संध्याकाळी. शुक्रवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर ती आयला भेटायला उलव्याला गेली, तर नाक्यावर तिचाच फ्लेक्स. साडीतला फोटो, शेजारी ‘विश्वाला नवा रेणू देणारी आमची लेक’, आणि मध्यभागी ती रेघ, सोनेरी रंगात, माणसाएवढी. सुनीता रिक्षातून उतरून बघत राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, रेघ उलटी छापली होती. तिच्या चित्रात उंच टोक डावीकडे होतं आणि उजवीकडे एक ठेंगणी पायरी उतरत गेली होती. इथे पायरी डावीकडे आणि टोक उजवीकडे.

तिने निकेशला फोन लावला. ‘अरे, आलेख उलटा लावलाय!’

‘ताई, उलटा नाय, सुलटा केलाय,’ निकेश म्हणाला. ‘आपला फ्लेक्सवाला देवेश बोलला, डावीकडून उजवीकडं खाली चाललाय, मार्केट पडल्यासारखं वाटतंय. लोकांना वर जानारा आलेख बरा वाटतंय. म्हनून फिरवला.’

सुनीता रस्त्यातच मोठ्याने हसली. शास्त्राच्या इतिहासात आलेखाला असा न्याय कुणी दिला नसेल. फोन ठेवून तिने पुन्हा वर पाहिलं, आणि हसू तोंडातल्या तोंडात विरलं. डावीकडे ठेंगणी पायरी, उजवीकडे उंच, टोकदार शिखर. हा आकार तिच्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नाही, गेली कित्येक वर्षं रोज पहाटे कुकरच्या शेजारी ती हाच आकार बघत होती. ही तर सिलिकॉन मोनॉक्साइडची रेघ. त्या ताऱ्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची.

या धंद्यातलं एक भूत तिला माहीत होतं. दुर्बिणीचं यंत्र एका मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंचं ऐकतं, एक बाजू ठेवतं आणि दुसरी दाबून टाकतं. पण दाबलेल्या बाजूला एखादी रेघ फारच मोठ्या आवाजाची असली, तर तिचा बारीकसा अंश झिरपून या बाजूला येतो. आणि तो येतो आरशातल्यासारखा, डाव्याचं उजवं होऊन.

ती आयकडे गेलीच नाही. त्याच रिक्षाने घरी आली, चप्पल न काढता टेबलापाशी बसली. मधल्या बिंदूपासून मोठी रेघ जेवढी इकडे, बरोबर तेवढीच तिची लाडकी रेघ तिकडे. तरीही योगायोग असू शकतो, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. खात्रीची चाचणी बाकी होती. याच ताऱ्याकडे दुर्बिणीने आणखी एकदा पाहिलं होतं, त्या वेळी मधला बिंदू किंचित सरकवलेला होता. हवा ढगाळ होती म्हणून ती नोंद सगळ्यांनीच बाजूला टाकली होती. रेघ खरी असेल तर मधला बिंदू कुठेही असो, ती आपल्या जागेवर दिसणार. भूत असेल तर जागा सोडणार. सुनीताने ती ढगाळ नोंद उघडली. तिच्या रेणूच्या जागी काही नव्हतं. रेघ शेजारी सरकून बसली होती, जिथे कुठल्याच रेणूने असायचं कारण नव्हतं.

गुरुदत्त कामावरून आला तेव्हा ती तशीच बसलेली. त्याने विचारलं, ‘काय गं, कोण गेलं?’ ती म्हणाली, ‘माझा रेणू गेला.’ आणि तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही.

फोनवर अरुंधती मॅडम सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला यायला हवं होतं. पेपर आजच मागे घेऊ.’ सुनीताने थिसिसचं विचारलं. एक प्रकरण पूर्ण जाणार होतं, वर्ष तरी पुढे ढकललं जाणार होतं. मग मॅडम म्हणाल्या, ‘पण ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?’

‘फ्लेक्सवाल्याने दाखवलं,’ सुनीता म्हणाली.

पेपर मागे गेला. शास्त्राच्या बाजूने विषय तिथे संपला. पण रविवार उरला होता.

शनिवारी सकाळी तिने निकेशला घरी बोलावलं आणि सत्कार रद्द करायला सांगितलं. निकेशला आधी वाटलं ताई लाजतेय. मग खरं कळलं तसा तो खुर्चीत खचून बसला.

‘कोनाला कलतंय, ताई?’ तो म्हणाला. ‘मांडव पडलाय. साहेब येतंय. पावन्यांना सांगून झालंय. आयनं नवं लुगडं घेतलंय. तू काय बोलू नको. शाल घे, नारल घे, खाली बस. मागं घ्यायचा तो पेपर तुमचा तुमी घेतला ना? मंग झालं.’

‘मला कळतंय ना निकेश.’

‘तुला कलतंय, पन तोंडाला माझ्या कालं फासनार ना लोकं!’ निकेश कळवळून म्हणाला. ‘सगळीकडं मीच सांगत फिरलोय.’

तो खोटं सांगत नव्हता. सुनीता काही पुतळा नव्हे. दिवसभर तिने निकेशच्या सांगण्याचा विचार केला. सत्कार घेतला तर कुणाचं काय बिघडणार होतं? जगाच्या दृष्टीने चूक दुरुस्त झाली होती. गावाला रेणू म्हणजे काय आणि रेघ म्हणजे काय, काहीच देणंघेणं नव्हतं. आय खूश झाली असती, भावाची मान वर राहिली असती. खरं सांगितलं तर भावाची फजिती, आयचा हिरमोड, आणि स्वतःचं हसं. एवढं सगळं मोजून तिने ठरवलं की गप्प बसायचं. शाल घ्यायची आणि खाली बसायचं.

रविवारी मांडव खच्चून भरला. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या, पुढच्या रांगेत नव्या लुगड्यातली आय, स्टेजवर साहेब आणि त्यांच्यासोबत आलेली चार माणसं. वड्यांचा वास मागून येत होता. निकेशने सुरुवात झोकात केली. पण आज त्याचा आवाज जरा जास्तच चढलेला, भीती झाकायला माणूस जसं मोठ्याने बोलतो तसा. बोलता बोलता तो वाहवत गेला. म्हणाला, ‘आज आपल्या ताईनं शोधलेला रेणू जगाच्या पुस्तकात छापला जातोय. आपल्या पोरांची पोरं तो शाळेत शिकतील!’

टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या लहान मुलींनीही वाजवल्या. साहेब शाल उलगडत उठले, आणि सुनीताच्या लक्षात आलं की आपल्याला हे जमणार नाही. घरात बसून ठरवणं सोपं होतं. इथे समोर माणसं बसली होती आणि ती खरं मानून टाळ्या वाजवत होती.

‘साहेब, जरा थांबा,’ ती म्हणाली आणि निकेशच्या हातातून माइक घेतला. निकेशने तो क्षणभर सोडला नाही. मग सोडला.

वर्गात चोख पुस्तकी मराठी बोलणारी सुनीता त्या दिवशी घरच्या भाषेत बोलली. ‘मंडळी, शाल घालायच्या आदी मना बोलू द्या. वाळूच्या ताऱ्यात काजळीचा रेनू सापडला असं मी सांगितलं व्हतं. तो नाय सापडला. माझी चूक झाली. आता चूक कशी झाली ते सांगते. समजा, आपल्या मांडवात हळद हाय. शेजारच्या मांडवात पन हळद हाय, आन् त्यांचा डीजे आपल्यापेक्षा मोठा. मी आपल्या मांडवात बसलेय, आन् बारीक आवाजात गानं ऐकू येतंय. मी बोलले, आपलाच डीजे वाजतंय. उठून बघितलंच नाय. आपला डीजे बंद व्हता. गानं शेजारचं व्हतं.’

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती पुढे बोलत राहिली. ‘बारावीच्या पोरांनी खात्री केली नाय तर मी मार्क कापते. यावेळी मीच नाय केली. पेपर आमी मागं घेतलाय. निकेशचा काय दोष नाय, त्यानं मी सांगितलं तेच तुमाला सांगितलं. या सत्काराव माझा हक्क नाय. तुमी आलात, माफ करा.’

मागे कढईत वडे तळल्याचा आवाज स्टेजवर ऐकू येऊ लागला. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, ‘मंग जेवन हाय का नाय?’ आणि थोडा हशा झाला. साहेब उलगडलेली शाल धरून तसेच उभे. ती घालायची की घडी करायची, हे त्यांना कुणी सांगेना. निकेश स्टेजच्या कडेला खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. सुनीताने माइक खुर्चीवर ठेवला आणि ती उतरायला वळली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आयने विचारलं. तिला माइकची गरज लागत नाही. ‘सुने, तुला कोनी पकडलं का?’

‘नाय, आय.’

‘मंग कुनाला कललं ते?’

‘मनाच. मीच बघितलं.’

‘आन् सांगाया पन तूच आलीस.’

‘हां.’

आय खुर्चीचा हात धरून उठली. लुगडं नवं, कडक, ते तिला आवरत नव्हतं. ती स्टेजकडे नाही, मागे, लोकांकडे वळली. ‘गाव उठलं तवापासून या मांडवात किती मानसं आली आन् बोलून गेली,’ ती म्हणाली. ‘चुकलं म्हनून सांगाया कोन उबा रायला का? येक तरी?’

साहेबांकडे कुणी पाहिलं नाही, आणि सगळ्यांनी मिळून न पाहिल्यामुळे ते फारच उठून दिसत होते. आय खाली बसली.

मग निकेश खांबापासून हलला. त्याने खुर्चीवरचा माइक उचलला, टेबलावरचं मानपत्र उचललं. चौकटीत बसवलेलं, वेलबुट्टीच्या अक्षरांत छापलेलं. सवयीने त्याने घसा साफ केला आणि वाचायला लागला. ‘आपल्या गावची सुकन्या सौ. सुनीता गुरुदत्त गावंड यांनी अथक परिश्रम करून, विश्वाच्या अफाट पसाऱ्यात, नव्या रेणूचा शोध…’ इथे तो अडला. पुढे ‘लावल्याबद्दल’ असं छापलेलं होतं.

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती पायरीवर अर्धी उतरलेली, एक हात कठड्यावर.

‘…शोध मागं घेतल्याबद्दल,’ निकेश म्हणाला. त्याने पुन्हा घसा साफ केला आणि तेच वाक्य पहिल्यापासून, सामन्याचा निकाल सांगावा तसं मोठ्याने वाचलं. ‘नव्या रेणूचा शोध मागं घेतल्याबद्दल, आमच्या ताईचा, समस्त ग्रामस्थांच्या वतीनं, जाहीर सत्कार!’

आधी लहान मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतल्या त्या जेवणवाल्याने वाजवल्या, आणि मग सगळा मांडव उठला. साहेब अनुभवी माणूस, त्यांनी वेळ न घालवता दोन पावलं पुढे येऊन शाल तिच्या खांद्यावर टाकली. हसण्याची, कुजबुजीची, भावाच्या अबोल्याची, सगळ्याची तयारी सुनीताने घरून करून आणली होती. याची नव्हती केली. चष्मा हातात घेऊन, भर मांडवात, साऱ्या गावासमोर गावंड मॅडम ढसाढसा रडल्या.